समान संधी आणि समान फळ

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही काहीशा संकोचानेच शिरसावंद्य मानली. संकोच अशासाठी, की विषय अर्थशास्त्राचा आणि वक्ता मॅट्रिक. १९७४ साली जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन आम्ही अध्यापन विद्यालयात गेलो आणि पुढे सारी हयात प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात घालविली. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नये. जे डोळ्यांनी पाहिले, आणि निवृत्तीनंतर जे थोडेबहुत वाचले, त्याच्या आधाराने बोलत आहोत.

विषयही आमच्या आवडीचा म्हणून घेतलेला नाही. गतवर्षीच्या वार्षिक सभेत शिक्षणनिधीच्या व्याजाचे काय करावे यावर जो वाद झाला, त्यातून तो निघाला. त्या रात्री सभा साडेदहापर्यंत चालली, हे उपस्थितांना स्मरत असेलच. एका पक्षाचे म्हणणे, ज्ञातीची सर्व मुले आपल्याला सारखी, सबब प्रत्येक घरी सारखेच पोचले पाहिजे. त्याप्रमाणे आदल्या वर्षी घरटी सहा वह्या वाटण्यात आल्या होत्या. ज्या घरी मुलांना स्वतंत्र खोली आणि संगणक आहे तेथेही सहा, आणि ज्या घरी एकाच खोलीत स्वयंपाक, निजणे आणि अभ्यास चालतो तेथेही सहाच. पहिल्या प्रकारच्या काही घरांनी त्या नेल्याच नाहीत. कार्यालयाच्या कपाटात त्यांचा गठ्ठा अद्याप आहे, कार्यवाह साक्ष देतील. दुसऱ्या पक्षास हा सारा प्रकार पोरकट वाटला. परीक्षा सर्वांना खुली आहे, प्रश्नपत्रिका एकच आहे, ज्याने कष्ट केले त्याने गुण मिळविले; त्याचाच रोख पारितोषिकाने गौरव व्हावा, आणि गौरवाची मर्यादाही ऐंशी टक्क्यांवरून नव्वदवर न्यावी, असे त्यांनी सुचविले. सभेने दुसऱ्या पक्षास कौल दिला. आम्ही त्या रात्री हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. घरी गेल्यावर मात्र झोप आली नाही.

नीट पाहता हा वाद आपल्या कपाटातील वह्यांपुरता नाही. भांडवलशाही व्यवस्था जगात जेथे जेथे रुजली तेथे तेथे हाच वाद मोठ्या अक्षरांत चालला आहे. शर्यतीच्या आरंभरेषेवर सर्वांना सारखे उभे करावे आणि मग जो पुढे जाईल त्याला जाऊ द्यावे, ही संधीची समानता. शर्यतीच्या अखेरीस सर्वांच्या हाती सारखेच पडावे, ही फळाची समानता. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेने दर्जाची व संधीची समानता असे शब्द घातले आहेत. फळाच्या समानतेचा शब्द तेथे नाही. परंतु १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ३८ व्या अनुच्छेदास जो दुसरा खंड जोडला, तो फार विचार करण्यासारखा आहे. उत्पन्नातील विषमता राज्याने कमी करण्याचा यत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. दर्जा, सोयी आणि संधी यांतील विषमता मात्र नाहीशी करण्याचा यत्न करावा, असे म्हटले आहे. एकीकडे कमी करणे, दुसरीकडे नाहीशी करणे. कायदा लिहिणाऱ्यांनी ही दोन क्रियापदे जाणूनबुजून निरनिराळी वापरली असावीत असे आम्हांस वाटते. शाळामास्तराची नजर क्रियापदांवर आधी जाते, हा आमचा दोष समजावा.

फळ सक्तीने सारखे करू गेले असता काय होते, याचा एक दाखला चीन देशातील आहे. आन्हुई प्रांतातील शियाओगांग नावाच्या दरिद्री खेड्यात सामुदायिक शेती होती. कोणी घाम गाळला काय आणि बांधावर बसून राहिला काय, वाट्याला येणाऱ्या धान्यात फारसा फरक पडत नसे. अखेरीस १९७८ साली तेथील अठरा कुटुंबांनी गुपचूप एक कागद केला, त्यावर अंगठे उठविले आणि जमीन आपसांत कसण्यापुरती वाटून घेतली. सरकारचा ठरलेला हिस्सा देऊन उरेल ते ज्याचे त्याने घ्यावे, असा करार. हे कृत्य त्या काळी तुरुंगाचे होते. पुढल्याच हंगामात तेथे धान्य उदंड झाले, आणि थोड्याच वर्षांत तीच पद्धत साऱ्या देशाने स्वीकारली.

दुसरा दाखला आमच्या स्वतःच्या वर्गातला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाही मुलास मागे ठेवू नये असे ठरविले. हेतू उदात्त होता. नापास झालेले गरिबाचे मूल शाळा सोडते, हे आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे. कायद्यात वर्षभर सतत मूल्यमापन करून मागे पडलेल्यास हात देण्याचीही योजना होती. प्रत्यक्षात पहिला भाग तेवढा अमलात आला आणि दुसरा कागदावर राहिला. सातवीच्या पटावर नाव असलेल्या मुलास तिसरीचा धडा वाचता येत नाही, आणि प्रगतिपत्रक मात्र शेजाऱ्यासारखेच, असे प्रकार घडले. पुढे २०१९ मध्ये कायदा दुरुस्त होऊन पाचवी आणि आठवीस मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. प्रगतिपत्रके सारखी झाली तरी मुलांच्या डोक्यातले अंतर तसेच राहिले होते, आणि आम्ही शिक्षकांनी ते झाकले. या झाकण्यात आमचाही हात होता, हे कबूल केले पाहिजे.

येथवर ऐकून दुसरा पक्ष प्रसन्न झाला असेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

आपण विणकर माणसे. तेव्हा बाजाराची आणि भांडवलाची गोष्ट आपल्याच मागावरून सांगितलेली बरी. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. तोवर धोटा हाताने फेकण्याचे कसब बापाकडून लेकास मिळत असे, आणि त्या कसबाबाहेरच्या माणसास त्या धंद्यात शिरकाव नसे. यंत्रमागाने ते कुंपण मोडले. ज्याला माग घेण्यापुरता पैसा उभा करता आला तो विणू लागला. जात कोणती, गाव कोणते, हे मागाने विचारले नाही. भांडवलशाहीचा हा गुण आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. कापड स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर दुसरे धुवट आले, आणि आपल्यातील कित्येक घरे मातीच्या भिंतींतून सिमेंटच्या भिंतींत गेली. हातमागाचे दिवस सोन्याचे होते असे व्यासपीठावरून सांगण्याची चाल आहे. आमच्या आजोबांनी तसे कधी सांगितले नाही.

आता त्याच गावातील दोन भावांची हकीकत ऐका. नावे घेत नाही. १९८५ साली ते वेगळे झाले तेव्हा पंचांनी दोघांस चार-चार माग दिले, जागा निम्मीनिम्मी दिली, देणेही निम्मे वाटले. याहून समान आरंभरेषा कोणी आखू शकेल असे आम्हांस वाटत नाही. दोघेही खर्चीवाले, व्यापाऱ्याने सूत द्यावे, यांनी विणून द्यावे आणि पिकावर मजुरी घ्यावी. दोघेही सारखेच कष्टाळू आणि निर्व्यसनी. १९९३ मध्ये धाकट्याची पत्नी आजारी पडली. इस्पितळाच्या खर्चात आधी दोन माग गेले, मग उरलेले दोन, मग जागा. ती माउली वाचली, एवढेच पदरी पडले.

पुढे १ एप्रिल १९९९ पासून केंद्र सरकारची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली. नवी यंत्रे घेण्यास जो कर्ज काढील त्याच्या व्याजातील पाच टक्क्यांचा भार सरकार सोसणार. योजना सर्वांस खुली होती, आणि लहान यंत्रमागवाल्यांकरिता पुढे वेगळ्या अनुदानाचीही सोय होती. थोरल्याने जागा तारण ठेवून कर्ज घेतले आणि धोट्याशिवाय चालणारे माग आणले. साधा माग मिनिटाला शंभर-दीडशे पिके टाकतो. एअरजेट त्याच्या कित्येक पट टाकतो. धाकटाही अर्ज घेऊन गेला होता. तेथील अधिकाऱ्याने त्यास सौजन्याने बसवून घेतले, चहा दिला, आणि तारण काय देता असे विचारले. बाजार जात विचारीत नाही हे खरे, पण तारण विचारल्यावाचून तो पुढे सरकत नाही. त्या दिवशी धाकट्यावर कोणी अन्याय केला असे म्हणता येणार नाही. अधिकाऱ्याने नियम पाळला, थोरल्याने काही हिरावून घेतले नाही, उलट धाकट्यास आपल्या कारखान्यात जॉबर म्हणून ठेवून घेतले. दोघांत आजतागायत वाकडा शब्द नाही. तथापि योजनेचे दार उघडे होते म्हणून दोघांना संधी समान होती, असे आम्ही म्हणू शकत नाही.

या दोघांचे मुलगे एकाच वर्षी आमच्या हाती आले. साल २०००, इयत्ता सातवी. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसणाऱ्या निवडक बारा मुलांचा जादा वर्ग आम्ही सकाळी सहाला घेत असू, आणि त्याचा आम्हांस अभिमान होता. दोघे चुलतभाऊ त्या बारांत होते. बुद्धीने धाकट्याचा मुलगा सरस. तोंडी हिशोबात तर आम्हांसही मागे टाकी. परंतु दिवाळीनंतर तो वर्गात पेंगू लागला. आम्ही दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा बाकावर डोके टेकून झोपलेला आढळला, तेव्हा ठरल्या नियमाप्रमाणे त्याचे नाव जादा वर्गातून कमी केले. नियम सर्वांस एक, लाडका कोणी नाही, याचे आम्हांस तेव्हा भूषण वाटले होते. तो काही बोलला नाही. दप्तर उचलले आणि गेला.

तो रात्री कांड्या भरावयास जात होता, हे आम्हांस पुढल्या जूनमध्ये कळले, तेही त्याच्या चुलत्याकडून. आईचे औषध चालूच होते. चुलतभाऊ पुढे पुण्यास जाऊन अभियंता झाला आणि त्याचे आम्हांस कौतुकच आहे; त्यानेही अभ्यास केला, फुकट काही मिळविले नाही. धाकट्याचा मुलगा दहावीस गणितात नव्हे, इंग्रजीत गेला आणि पुन्हा बसला नाही. आज तो वहिफणीचे काम करतो. तीन तास, एक प्रश्नपत्रिका, एकच घड्याळ, यांवर आमची श्रद्धा होती. त्या घड्याळाच्या आधीची रात्र आम्ही कधी मोजली नाही.

विलायतेत मायकेल यंग या नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९५८ साली एक उपरोधिक पुस्तक लिहिले. गुणवंतांचेच राज्य आले तर काय होईल, याचे ते कल्पनाचित्र आहे. त्या राज्यात बुद्धी आणि परिश्रम यांची काटेकोर परीक्षा होते, उत्तीर्णांना सर्व काही मिळते, आणि जे मागे राहतात त्यांस आपल्या दैन्याचे कारण म्हणून नशिबाकडे वा राजाकडेही बोट दाखविता येत नाही. ते नालायक म्हणूनच तेथे आहेत असे जग मानते, आणि हळूहळू तेही मानू लागतात. लेखकाने इशारा म्हणून जो शब्द रूढ केला, तोच पुढे लोक स्तुतीपर वापरू लागले, याचा त्यांस उतारवयापर्यंत खेद होता. या पुस्तकाची ओळख आम्हांस निवृत्तीनंतर झाली. वाचताना तो पेंगणारा मुलगा डोळ्यांपुढून हलेना, कारण आजही तो भेटला की म्हणतो, सर, माझंच चुकलं, मी अभ्यास केला नाही. असे त्याला मनापासून वाटते.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की संधी आणि फळ या दोन वस्तू आपण समजतो तितक्या अलग नाहीत. बापाला मिळालेले फळ हीच मुलाची संधी असते. एका पिढीची शर्यत जेथे संपते तेथूनच पुढची पिढी धावू लागते. मध्ये कोणी रेषा पुसून नवी आखीत नाही. म्हणून फळाची विषमता वाटेल तितकी वाढू द्यावी आणि संधी तेवढी समान ठेवावी, हा हिशोब फार तर एका पिढीपुरता जुळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत हाच धोका दाखविला होता. राजकारणात समता आणि अर्थकारणात विषमता असे विसंगत जीवन आपण सुरू करीत आहोत, असे त्यांनी बजाविले होते. आपल्या कोल्हापूर संस्थानात तर शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने मागासांकरिता निम्म्या जागा राखल्या, निरनिराळ्या जातींच्या मुलांची वसतिगृहे उभी राहतील असे पाहिले आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. घोड्यांच्या चंदीची गोष्ट सर्वांस तोंडपाठ असल्यामुळे सांगत नाही. मात्र वसतिगृहाचा अर्थ लक्षात घ्यावा. केवळ शाळेचे दार उघडून महाराज थांबले नाहीत. निजावयास जागा, जेवावयास ताट आणि वाचावयास दिवा ही संधीचीच अंगे त्यांनी मानली.

पिढीजात फळाला लगाम घालण्याचे यत्न कायद्यानेही केले आहेत. १९५३ साली मृत्युकर आला. पण तो चुकविणारे सापडत नसत, वसुलीच्या खटाटोपाच्या मानाने हाती फारसे लागत नसे, आणि १९८५ मध्ये तो रद्द झाला. तो पुन्हा आणावा की काय, हा निर्णय आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. आरक्षणातील उन्नत गटाची अट मात्र आवाक्यातली आहे, कारण तिच्याविषयी आपल्यातील सुस्थितीतील मंडळींची तक्रार आम्ही दर वर्षी ऐकतो. १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती घातली. बाप वर चढला असेल तर मुलाची आरंभरेषा निराळी धरावी, एवढाच तिचा अर्थ आहे. धाकट्या भावाच्या घरास ती अट कधी आड आली नाही.

आणि आपल्या घरांतील एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला. कायद्याने आरंभरेषा आखली. त्यानंतर आपण काय केले? बहिणीस माहेरी बोलावले, गोडधोड केले, साडी नेसवली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. वर सांगितलेल्या दोन भावांना एक बहीण होती. तिला चारांतला एकही माग मिळाला नाही. वाटणीच्या पंचांत आम्हीही होतो, आणि तिचे नाव काढावे हे आमच्या मनातही आले नाही. तेव्हा १९९४ चा कायदा नव्हता, ही सबब आम्ही पुष्कळ दिवस स्वतःशी पुटपुटत असू.

तर मग निवाडा कोणता? सर्वांच्या हाती सारखेच पडावे असे आम्ही म्हणत नाही. कोणी अभियंता व्हावा, कोणी कारखाना काढावा, कोणी मास्तरकी करून निवृत्तिवेतनावर जगावे. हे अंतर राहणार आणि राहावे. परंतु एका आजारपणाने चार मागांचे घर मजुरीवर येऊ नये, आणि पंधराव्या वर्षी चुकलेली एक परीक्षा जन्मभराची होऊ नये, एवढी जमीन प्रत्येकाच्या पायाखाली असली पाहिजे. २०१२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चाललेली आरोग्ययोजना १९९३ मध्ये असती, तर कदाचित ते चार माग वाचले असते. अशी मोठी कामे सरकारनेच करावयाची. घरटी वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेस ती झेपणार नाहीत. आपल्याला झेपेल ते सांगतो.

वह्यावाटप बंद करावे. गुणवंतांचा गौरव खुशाल करावा, टाळ्याही वाजवाव्या, परंतु त्यांस प्रशस्तिपत्र आणि एक चांगले पुस्तक द्यावे. रोख रक्कम देऊ नये. ती रक्कम वाचवून तीन गोष्टींस लावावी. कार्यालयाची मागची खोली पहाटे पाच ते रात्री दहा अभ्यासिका म्हणून उघडी ठेवावी; आठवड्यातून तीन दिवस तेथे बसण्यास आम्ही तयार आहोत. दहावी-बारावीस राहिलेल्या कोणाही सभासदास, वय कितीही असो, सतरा नंबरच्या अर्जाचे शुल्क आणि पुस्तके संस्थेने द्यावी. आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या शुल्कापुरते कर्ज दोन सभासदांच्या जामिनावर, तारणावाचून द्यावे. मुलगे आणि मुली यांत भेद करू नये. निवड गुणांवर नको, घरच्या उत्पन्नावर असावी. यात कष्टाळू मुलाचा अपमान होतो असे कोणी म्हणेल. ज्याचे पुण्याचे शिक्षण बापाच्या पैशाने झाले त्या आमच्या अभियंता विद्यार्थ्यासच आम्ही याविषयी दूरध्वनीवर विचारले. त्याने पहिल्या वर्षाची वर्गणी लगेच पाठविली.

वहिफणीचे काम करणाऱ्या त्या मुलास, आज तो चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे पण आम्हांस मुलगाच, एक कन्या आहे. ती यंदा नववीत आहे. आठवीस तिला शेकडा बहात्तर गुण मिळाले, म्हणून आज येथे वाचलेल्या गौरवाच्या यादीत तिचे नाव नाही. संध्याकाळी आईबरोबर ती कांड्या भरते की नाही, हे आम्ही अजून विचारलेले नाही. येत्या आठवड्यात तिच्या घरी जाणार आहोत.

वरील आशयाचा ठराव आम्ही कार्यवाहांकडे लेखी दिला आहे. सूचक म्हणून आमचे नाव आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे.